आक्काची चिकटवही

इतिहास म्हटला म्हणजे तो राजेरजवाड्यांचा, लढायांचा आणि तहांचा असावयाचा, अशी आपणां बहुतेकांची शाळेतच समजूत होऊन बसते. आपल्या घरालाही इतिहास आहे, याची आठवण सामान्यतः दोनच प्रसंगी होते : एक लग्न जुळवताना, आणि दुसरा श्राद्धाच्या पाटावर बसल्यावर पणजोबांचे नाव विचारले जाते तेव्हा. पहिल्या प्रसंगी आपण कपाटातून कुलवृत्तांत काढतो. दुसऱ्या प्रसंगी तीर्थक्षेत्रीचे उपाध्याय आपली लांबट वही काढतात. दोन्ही साधने मोलाची आहेत, आणि त्यांची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. १९७९ साली, वडिलांच्या पश्चात, आम्ही त्र्यंबकेश्वरी गेलो होतो. तेथील उपाध्यायांनी गाव आणि आडनाव एवढेच विचारून घटकाभरात आमच्या पणजोबांची मोडी सही आमच्यापुढे ठेवली, तेव्हा अंगावर काटा उभा राहिला, हे आम्ही प्रांजळपणे कबूल करतो.

परंतु त्याच पानांवर आम्ही आणखी एक नाव शोधले, ते सापडले नाही. घरी येऊन कुलवृत्तांत चाळला. आमच्या शाखेच्या पानावर आजोबांच्या नावाखाली त्यांचे दोन मुलगे आपापल्या जन्मसालांसह व हुद्द्यांसह विराजमान झालेले आहेत. आणि त्यांच्याखाली दोनच अक्षरे व एक आकडा : ‘कन्या २’. या दोहोंपैकी थोरली ती आमची आक्का. जिने आमच्या घराचा इतिहास पन्नास वर्षे जपला, तिच्या वाट्याला घराच्या इतिहासात एक आकडा आला, आणि तोही धाकट्या बहिणीबरोबर वाटून घ्यावा लागला!

आक्काचा जन्म १९११ सालचा. तेराव्या वर्षी तिचे लग्न झाले आणि सतराव्या वर्षी ते संपले. त्या काळच्या रीतीप्रमाणे ती माहेरी परत आली ती कायमची. बरोबर आणलेली संपत्ती म्हणजे पत्र्याची एक ट्रंक, हातांतून उतरलेल्या सोन्याच्या दोन पाटल्या, आणि मराठी चौथीपर्यंतची विद्या. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९२९ साली, तिने आजोबांची हिशेबाची एक कोरी राहिलेली चोपडी मागून घेतली आणि तीत कागद चिकटवावयास आरंभ केला. घरात त्या चोपडीला कोणी ‘आक्काची रद्दी’ म्हणत, कोणी ‘आक्काचे दप्तर’. ती स्वतः तिला चिकटवही म्हणे.

पाश्चात्त्य देशांत या छंदास एकोणिसाव्या शतकात मोठाच बहर आला होता. प्रसिद्ध अमेरिकन विनोदी लेखक मार्क ट्वेन यास तर खळीच्या बुडकुल्याचा इतका कंटाळा आला की, त्याने पानांवर आधीच गोंदाच्या रेघा असलेली, नुसते पाणी लावताच चिकटणारी वही शोधून काढून १८७३ साली तिचे पेटंट घेतले. आक्कास यातले काहीच ठाऊक असण्याचे कारण नव्हते. ती स्वयंपाक आटोपल्यावर निवत्या चुलीवर कणकेची खळ शिजवी, आणि कसर लागू नये म्हणून तीत चिमूटभर मोरचूद घाली. आम्हां मुलांना त्या वाटीजवळ जाण्याची सक्त मनाई असे.

आता त्या वहीत काय होते ते सांगितले पाहिजे. पहिल्या पानावर तिची स्वतःची १९२४ सालची लग्नपत्रिका. दुसऱ्या पानावर १९२८ सालची तार. शेजारी एक अक्षर नाही. तिसऱ्या पानावर शारदा कायद्याच्या बातमीचे कात्रण. मुलीचे लग्न चौदा वर्षांच्या आत करू नये असे सांगणारा हा कायदा १९२९ साली मंजूर झाला व १ एप्रिल १९३० पासून अंमलात आला. त्या कात्रणाखालीही तिने काही लिहिलेले नाही. परंतु तीन पाने ओळीने पाहिली म्हणजे लिहिण्याची आवश्यकता काय होती, असेच वाटते. पुढे मात्र वही बोलकी होत जाते. आमच्या वडिलांचे मॅट्रिकचे हॉलतिकीट, धाकट्या आत्याच्या शालूच्या काठाचा बोटभर तुकडा, कोणाचे तरी जावळ, कागदाच्या पुडीत, काड्यापेटीवरची चित्रे, रेशनचे कार्ड, कोकणातून आलेली पोस्टकार्डे, ज्यांवर आंब्याच्या पेट्यांचे आणि माणसांच्या मरणाचे वर्तमान एकाच ओळीत आहे. १५ ऑगस्ट १९४७ च्या वर्तमानपत्राचा मथळा तिने पान भरून चिकटवला आहे आणि खाली जांभळ्या पेन्सिलीने लिहिले आहे : ‘घरी साखरभात केला. धाकटीच्या मुलीस ताप. रात्री उतरला.’ स्वातंत्र्याच्या दिवसाचा याहून खरा वृत्तांत आमच्या वाचनात आलेला नाही.

या वहीचे मोल आम्हांस प्रथम कळले ते १९६१ साली, आणि तेही पुरते कळले नाही. त्या वर्षी १२ जुलै रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही गेले, आणि मुठेचे पाणी पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत शिरले. नारायण पेठेतील एका वाड्यात तळमजल्यावर आमचे बिऱ्हाड होते. आम्ही अकरा वर्षांचे होतो. पाणी दारात आले तेव्हा आईने हाताला लागतील ती पांघरुणे आणि पिठाचा डबा घेतला. आक्काने पदरात चोपडी बांधली आणि ती मालकांच्या माडीवर चढली. आमच्या घराण्याचे खरेखुरे दप्तर, म्हणजे दोन मोडी रुमाल, कोकणातल्या जमिनीचे कागद, आजोबांची टिपणे, हे सारे खालच्या कपाटात कुलपात होते. पाणी ओसरल्यावर कपाट उघडले, तो आत कागद नव्हते. चिखलाच्या विटा होत्या.

“दागिन्यांचा डबा सोडून वही घेऊन आलात, वन्सं?” आई त्या रात्री म्हणाली.

“डब्यात उरलंय काय आता, बाई?” आक्काने उत्तर दिले, आणि दोघीही गप्प बसल्या.

या गप्प बसण्याचा अर्थ त्या वयात आम्हांस पूर्णपणे कळला नाही, तरी थोडासा कळला. आमच्या घरात एक जुनी गोष्ट होती. आमचे आजोबा एका स्नेह्यास जामीन राहिले. १९३० च्या सुमारास जगभर मंदी आली, धान्याचे भाव कोसळले, स्नेही बुडाले, आणि १९३२ साली आजोबांच्या कोकणातल्या घराचा लिलाव झाला. एवढे सर्वांस मान्य होते. वाद पुढे होता. स्वयंपाकघरात एक पाठ चाले : ‘आक्काने त्या वेळी पाटल्या काढून दिल्या असत्या तर घर राहिले असते.’ ओटीवर दुसरा पाठ चाले : ‘बाबांनी विधवा लेकीच्या सोन्यास हात लावला नाही.’ लहानपणी आम्ही दोन्ही पाठ ऐकले, आणि दोन्ही खरे मानले. आक्कासमोर हा विषय कोणी काढीत नसे, परंतु तिला ऐकू जाईल इतक्या अंतरावरून पुष्कळ वेळा निघे. त्या पाटल्या अखेर १९५९ साली मोडल्या गेल्या आणि आमच्या थोरल्या बंधूंची, दादांची, कॉलेजची फी त्यांतून भरली गेली. स्वयंपाकघरातला पाठ मात्र त्यानंतरही बदलला नाही.

१९८३ साली आक्का वारली. तिची ट्रंक आमच्याकडे आली आणि अकरा वर्षे माळ्यावर पडून राहिली. १९९४ साली वाडा पाडून तेथे इमारत उभी राहावयाची ठरली, तेव्हा आवराआवरीत ट्रंक खाली आली. वहीचा पुठ्ठा सुटला होता, कात्रणे पिवळी पडून कडांना मोडत होती. हा ठेवा नीट करून पुढच्या पिढीच्या हाती द्यावा, अशी सदिच्छा आमच्या मनात उत्पन्न झाली. जगातील पुष्कळशी नासधूस सदिच्छेनेच होत असते.

आमच्या डोळ्यांना त्या वहीत मोठाच गोंधळ दिसत होता. १९३२ च्या वैशाखातली धाकट्या आत्याची लग्नपत्रिका आणि त्याच वर्षीच्या मार्गशीर्षातली घराच्या लिलावाची नोटीस तिने एकाच पानावर शेजारीशेजारी चिकटवली होती. मधल्या महिन्यांचे कागद मात्र दहा पाने पुढे. आम्ही ठरवले की सर्व कागद सोडवावे, तारीखवार लावावे, आणि बाजारातून आणलेल्या एका सुंदर अल्बममध्ये पारदर्शक पापुद्र्याखाली बसवावे. दादांनी या बेतास एक पुरवणी सुचवली. “ती लिलावाची नोटीस तेवढी काढून टाक. पोरांच्या हाती ती कशाला?” आमच्या सौभाग्यवतींनी एवढेच म्हटले, “आक्कांच्या वहीला पाणी लावू नका हं.” आम्ही हसलो. कणकेची खळ पाण्याने सुटते, हे आम्ही शास्त्रोक्त जाणत होतो!

पहिली पाच-सहा कात्रणे सुरेख सुटली. मग लिलावाच्या नोटिशीची पाळी आली. ओला बोळा फिरवून आम्ही पाच मिनिटे थांबलो आणि कागदाचा कोपरा अलगद उचलला. खाली अक्षरे होती. आक्काने त्या नोटिशीखाली, वहीच्या पानावर, आधी चार-पाच ओळी लिहिल्या होत्या आणि त्यांवर नोटीस चिकटवली होती. आमच्या डोळ्यांदेखत त्या ओळी प्रथम गडद, तेजस्वी जांभळ्या झाल्या, जणू आताच लिहिल्या असाव्या तशा, आणि मग एकमेकींत मिसळून पसरल्या. आम्ही टीपकागद आणावयास धावलो. परत येईतो पानावर जांभळे तळे झाले होते. त्याच्या काठावर तीन शब्द उरले होते : एके ठिकाणी ‘पाटल्या’, आणि खालच्या ओळीच्या शेवटी ‘नको म्हटले’.

कोणी नको म्हटले? आक्काने, की आजोबांनी? मराठी भाषेची ठेवण अशी की, या क्रियापदावरून कर्ता ओळखता येत नाही. ‘मी नको म्हटले’ आणि ‘बाबांनी नको म्हटले’, दोन्ही शुद्ध. कर्ता तळ्यात बुडाला होता. पन्नास वर्षे एका बाईवर होत आलेल्या आरोपाची तिने स्वतः नोंदवलेली एकच जबानी होती, आणि ती वाचण्यापूर्वी आम्ही धुऊन टाकली.

त्यानंतर आम्ही जे शिकलो ते आधी शिकावयास हवे होते. आक्काची जांभळी पेन्सिल म्हणजे पूर्वी कचेऱ्यांतून वापरीत ती कॉपिंग पेन्सिल. तिच्या शिशात रंगद्रव्य मिसळलेले असे. लिहिलेले खोडता येऊ नये म्हणूनच ती निघाली होती. रबराला ती दाद देत नसे. पाण्याला मात्र तत्काळ शरण जाई. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो. त्यातील लिग्निन नावाचे द्रव्य उजेडाने व हवेने पिवळे पडते आणि कागद आम्ल होऊन ठिसूळ होतो. उलट जुन्नरच्या किंवा दौलताबादेच्या जुन्या हातकागदावर काजळाच्या शाईने लिहिलेली मोडी पत्रे दोनदोनशे वर्षांनंतरही वाचता येतात. आणि तो आमचा सुंदर अल्बम! त्याच्या पानांवरील चिकट द्रव्य काही वर्षांतच तपकिरी झाले आणि आत बसवलेली छायाचित्रे त्यास अशी जखडली की ती आता फाडल्यावाचून निघत नाहीत. आक्काची कणकेची खळ या शोधापेक्षा कितीतरी पटींनी सुसंस्कृत होती.

तथापि आमचा खरा अपराध रसायनशास्त्रातला नव्हता. तो असा की, त्या वहीचा क्रम हा आम्ही गोंधळ समजलो. लग्नपत्रिका आणि लिलावाची नोटीस शेजारी ठेवणाऱ्या बाईस तारखा कळत नव्हत्या काय? तिला त्या दोन कागदांविषयी काही म्हणावयाचे होते, आणि ज्या घरात तिला बोलावयाची सोय नव्हती तेथे ती कागद शेजारी ठेवून बोलत होती. आम्ही तिचे वाक्य सोडवून त्यातील शब्द अकारविल्हे लावावयास निघालो होतो.

या बाबतीत मोठमोठ्यांचेही हात पोळले आहेत, एवढाच आम्हांस दिलासा. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत उत्तर हिंदुस्थानात सापडले. परतल्यावर त्यांनी आपली हकीकत १८८३ च्या सुमारास लिहून काढली. ती ‘माझा प्रवास’ या नावाने भारताचार्य चिंतामणराव वैद्य यांनी १९०७ साली प्रसिद्ध केली, तेव्हा तिच्या भाषेवर व मजकुरावर संस्कार केले. हेतू चांगलाच होता. परंतु मूळ मोडी हस्तलिखित शिल्लक राहिले, आणि म्हणून १९६६ साली महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदारांना गोडसे भटजींचे मूळ शब्द वाचकांपुढे ठेवता आले. मूळ शाबूत असले म्हणजे सुधारकाची चूक साठ वर्षांनीही दुरुस्त होते. इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगावच्या घरांतून दप्तरे मिळवून १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडशः छापली, तीही अशाच घरांतून, जेथे कोणीतरी, बहुधा अर्थ न कळताही, रुमाल तसाच बांधून ठेवला होता. जपणाऱ्याचे पहिले कर्तव्य नीटनेटकेपणा हे नसून हात आवरणे हे आहे.

ज्यांच्या घरी अशी एखादी वही, पत्रांची चवड किंवा छायाचित्रांचा डबा असेल, त्यांच्यासाठी अनुभवाचे दोन शब्द. काहीही हलवण्यापूर्वी प्रत्येक पानाचे, आहे त्या स्थितीत, छायाचित्र घ्यावे. आजकाल हे साधन प्रत्येकाच्या खिशात असते. त्या प्रती एकाहून अधिक ठिकाणी ठेवाव्या, आणि त्यांवर विसंबून मूळ टाकू नये. आमच्या एका आप्तांनी नव्वदच्या दशकात घरची सारी माहिती फ्लॉपीवर उतरवून कागद रद्दीत घातले होते, ती फ्लॉपी वाचणारे यंत्र आज त्यांच्या घरी कोठून असणार? चिकटपट्टी कधीही लावू नये. वही जमिनीलगतच्या कपाटात ठेवू नये. पुराचा धडा आम्ही एकदा घेतला आहे. पावसाळा सरल्यावर कोरड्या दिवशी सावलीत पाने मोकळी करावी, आणि वेखंडाची पुरचुंडी ठेवावी. छायाचित्राच्या मागे मऊ शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने, नावे व साल लिहावे. कागद पुष्कळ टिकतो. त्याच्यावरील माणसे कोण, हे सांगणारी माणसे टिकत नाहीत.

हे शेवटचे आम्हांस २०२२ साली दादांच्या ऐंशीव्या वाढदिवशी विशेष जाणवले. आम्ही त्यांना ते जांभळे पान दाखवले. अठ्ठावीस वर्षे आम्ही ते लपवले होते. दादा बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, “फीच्या वेळी मी तिच्याबरोबर सराफाकडे गेलो होतो. सराफाने पाटल्या तोलल्या. पायऱ्या उतरताना ती म्हणाली, ‘यांना एकदा नको म्हटलं होतं.’ मी विचारलं नाही, कोणी म्हणून. सतरा वर्षांचा होतो. फी मिळाली याचाच आनंद.” थोडे थांबून ते पुढे म्हणाले, “ते कात्रण काढून टाक म्हटलं होतं ना मी तुला? राहू दे ते.”

म्हणजे बोलतानाही तिने कर्ता सांगितला नव्हता. सांगितला असता तर एक पक्ष हरला असता : एकीकडे तिचे वडील, दुसरीकडे ती स्वतः. तिने तो एकदाच, एकाच ठिकाणी लिहिला असावा, आणि त्यावर नोटीस चिकटवून टाकली. कोणी वाचावा म्हणून लिहिला, की कोणी वाचू नये म्हणून चिकटवला, हेही आता सांगता येणार नाही. आमच्या मनाचा कौल कोणीकडे आहे ते आम्ही येथे लिहीत नाही. आमचा कौल हा पुरावा नव्हे.

आम्ही इतकेच केले आहे. अल्बममधून जे सुटले ते पुन्हा वहीत, ज्या पानावर होते त्याच पानावर, न चिकटवता, कागदी कोपऱ्यांत बसवले आहे. जांभळे पान तसेच ठेवले आहे. त्याच्यासमोर एक सुटा कागद घातला असून त्यावर शिसपेन्सिलीने तारीखवार नोंद केली आहे : १९९४ साली आमच्या हातून काय झाले, स्वयंपाकघरातला पाठ, ओटीवरचा पाठ, आणि दादांनी सांगितलेले पायरीवरचे वाक्य. कुलवृत्तांताच्या आमच्या प्रतीतही ‘कन्या २’ या ओळीशेजारी समासात दोन नावे लिहिली आहेत. ग्रंथावर लिहू नये हा नियम आम्हांस ठाऊक आहे. तो आम्ही एवढ्यापुरता मोडला.

वाचकहो, आपल्याही घरी अशी एखादी आक्का असेल, किंवा काल-परवापर्यंत असेल. ती असल्यास आज संध्याकाळी एक जुने छायाचित्र घेऊन तिच्याजवळ बसावे, बोट ठेवून विचारावे, ‘हे कोण?’, आणि ती सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहून घ्यावे. आणि ती वाक्यातला कर्ता गाळू लागली, तर अदबीने, पण न चुकता, पुन्हा एकदा विचारावे.